आदर्श वायूला जागा लागत नाही

माझ्या शिक्षणाला कितीतरी वर्षं एक कंस चिकटलेला होता. 'बी.एस्सी. (अपूर्ण)'. मुलीच्या शाळेपासून बँकेच्या खात्यापर्यंत जिथे जिथे शिक्षणाचा रकाना आला तिथे मी तो इमानदारीने लिहिला, आणि दर वेळी खिडकीपलीकडच्या माणसाने तो वाचून मान वर केली. एकाने तर सरळ विचारलं, "म्हणजे बारावी धरू ना?" धरा बाबा, म्हटलं मी. पण घरी येईपर्यंत जळफळाट चालू होता. तीन वर्षांचे सगळे पेपर सुटले होते, एक सोडून. तो एकटा मला बारावीवर नेऊन बसवत होता.

तो पेपर पहिल्या वर्षाचा, भौतिक रसायनशास्त्राचा. वरचे सुटले आणि खालचा राहिला. चिऱ्याचं घर बांधताना पायातला एक चिरा बसवायचा राहून जावा आणि वर भिंती उभ्या राहाव्यात, तसं काहीसं. मग लग्न ठरलं, आणि मी रत्नागिरीजवळच्या या वाडीत आले. नवरा गॅस वाहून नेणाऱ्या जहाजावर. वर्षातले बरेच महिने घरात सासूबाई आणि मी. मुलगी झाली, मोठी झाली, आता पुण्याला शिकते. पेपर तिथेच राहिला.

गेल्या मे महिन्यात आमच्या कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर कुणीतरी विद्यापीठाची सूचना टाकली. जुन्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना ही शेवटची संधी, यापुढे त्यांच्यासाठी परीक्षा होणार नाही. खाली हसणारे चेहरे आणि प्रश्न: 'आपल्यातलं कोणी अजून राहिलंय का?' सगळ्यांनी हात जोडले, नाही म्हणून. मी काहीच लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने रत्नागिरीला गेले आणि अर्ज भरून आले. शेवटची तर शेवटची. पण आता हा कंस मी पुसणार होते. त्यात मला कुणाचा सल्ला नको होता आणि मी कुणाला विचारलंही नाही.

सासूबाईंना सांगितलं ते जेवताना. त्यांनी आमटी वाढता वाढता विचारलं, "ह्या वयात?"

"ह्याच वयात," मी म्हटलं. "पुढच्या वयात परीक्षाच नाही."

त्यांनी आमटीचा डाव परत पातेल्यात ठेवला. नको म्हणाल्या नाहीत, एवढं मी पदरात पाडून घेतलं.

अभ्यासाला जागा म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल. त्यावर मिक्सर, भाकऱ्यांचा डबा, आणि सासूबाईंच्या लोणच्याच्या बरण्या. बरण्या आणि मिक्सर यांच्या मधल्या फटीत मी पुस्तक ठेवायचे आणि अभ्यास झाला की उचलून फ्रिजवर टाकायचे. कुणी आलं तर मी अभ्यास करते हे कळायचंसुद्धा नाही. याचं मला तेव्हा काही वाटत नव्हतं. उलट आमच्या वाडीत माझं कौतुकच होतं. येणारी बाई चहा पिता पिता सासूबाईंना हमखास म्हणायची, "तुमची सून म्हणजे काय हो, घरात सून आहे असं वाटतच नाही!" आणि सासूबाई फुलून यायच्या, पुढे चार घरी तेच सांगायच्या. आमच्याकडे सुनेची याहून मोठी तारीफ नाही.

पुस्तक इंग्रजीत, पेपर इंग्रजीत. पण मला समजतं ते मराठीतून आणि मोठ्याने. त्यामुळे दुपारी सासूबाई मागच्या पडवीत कोकमं फोडायला बसल्या की मी उंबऱ्यावर बसून वाचायचे आणि वाचलेलं मराठीत घोकायचे.

"आदर्श वायूचे रेणू जागा व्यापत नाहीत. आदर्श वायूच्या रेणूंना एकमेकांची ओढ नसते."

"काय गो, काय पुटपुटतंस? वायू कुणाला झालाय?"

"कुणाला नाही, आई. पुस्तकातला आहे."

"तरी ओवा खा वाईच. दिवसभर बसून असतंस ती."

मी हसले आणि पुढे वाचायला लागले. त्यांनी मात्र ते सोडलं नव्हतं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आदर्श म्हंजे चांगलाच ना?"

"चांगला असं नाही. ज्याच्या रेणूंना जागा लागत नाही आणि ज्यांची एकमेकांकडे ओढ नसते, तो आदर्श. त्याचं गणित सोपं. दाब वाढवला की आकारमान तेवढंच कमी, तापवला की तेवढंच जास्त. कुठे फरक म्हणून नाही."

"जागा लागत नाय नि ओढ नाय." त्यांचे लालभडक हात थांबले. "म्हंजे मेलेला माणूस."

"आई!"

"मेलेल्याला पण जागा लागते वाईच. हा कुठं मिळतो वायू?"

"कुठेच नाही. खरा नसतोच तो. नुसता धरून चालायचा."

"जो नायच त्याचा अभ्यास. नि जो हाय त्याचा?"

"त्याचाही आहे. पुढच्याच पानावर. तोच अवघड आहे."

"असायचाच," असं म्हणून त्या पुढचं कोकम फोडायला लागल्या.

अवघड म्हणजे किती, ते मी सांगते. कारण विशीतही माझं घोडं याच पानावर अडलं होतं. पानावर एक आलेख आहे. मधून एक सरळ आडवी रेघ जाते, ती आदर्श वायूची. कितीही दाबा, रेघ हलत नाही. तिच्या शेजारी कार्बन डायऑक्साइडची रेघ. ती आधी खाली जाते आणि मग वळून वर चढते, आदर्श रेघेच्याही वर. म्हणजे दाब वाढत गेला की हा वायू आधी हिशेबापेक्षा कमी जागेत मावतो, आणि आणखी दाबला की हिशेबापेक्षा जास्त जागा मागतो. का? पुस्तकात उत्तर होतं. आधी रेणूंच्या आकर्षणाचा जोर, मग त्यांच्या स्वतःच्या आकारमानाचा. वाक्य पाठ होत होतं, पण डोक्यात उतरत नव्हतं. जुलैभर मी त्या रेघेशी भांडले. व्हिडिओ पाहिले. त्यातला मुलगा भरभर बोलायचा आणि शेवटी 'सोपं आहे ना?' असं विचारायचा. नाही रे बाबा सोपं, असं मी फोनला सांगायचे.

ती रेघ मला समजली गणपतीत.

गणपतीला आमचं घर भरतं. मुंबईहून दीर-जावा, नणंदा, त्यांची मुलं. आदल्या दिवशी मी हिशेब केला होता की एवढी माणसं आणि चार खोल्या, म्हणजे कुठेही पाय ठेवायला जागा उरणार नाही. पण पहिले दोन दिवस झालं भलतंच. सगळी माणसं माजघरात, गणपतीसमोर. एकीने मोदक वळायला घेतले की तिघी तिच्या गळ्यात पडून बसायच्या. एक दीर पत्त्यांचा डाव मांडायचा की बाकीचे त्याच्या अंगावर. मागच्या खोलीतल्या गाद्यांची घडीसुद्धा मोडली नाही. भरलेल्या घरात दोन खोल्या रिकाम्या. मी उकड काढता काढता थबकले. माणसं हिशेबापेक्षा कमी जागेत बसली होती, कारण त्यांना एकमेकांची ओढ होती.

मग गौरी आल्या. आणखी माणसं आली. पावसाने झोडपायला सुरुवात केली आणि अंगणातली मुलंही आत आली. आता ओढ संपली नव्हती, पण प्रत्येकाला कोपर फुटलं होतं. ही उशी माझी. पंख्याखाली मी झोपणार. माझा टॉवेल कुणी घेतला? मधली जाऊ आणि धाकटी जाऊ आंघोळीच्या पाळीवरून दिवसभर बोलल्या नाहीत. चार खोल्या कमी पडायला लागल्या. रेघ वर चढली होती.

ओट्यावर तांदळाचं पीठ सांडलेलं होतं. त्यात मी बोटाने आडवी रेघ ओढली, आणि तिच्याशेजारी खाली जाऊन वर येणारी दुसरी. धाकटी जाऊ डोकावून म्हणाली, "वहिनी, रांगोळी ओट्यावर?" मी म्हटलं, "कार्बन डायऑक्साइड आहे." तिने मोठ्या जावेकडे बघून डोळे फिरवले. फिरवू देत. मला इतका आनंद झाला होता की मी त्या पिठाचा एक मोदक जास्त केला.

राहिली दाबाची दुरुस्ती. आदर्श वायूच्या समीकरणात दोन दुरुस्त्या केल्या की ते खऱ्या वायूला लागू पडतं. एक जागेची. रेणूंनी स्वतः अडवलेली जागा एकूण जागेतून वजा करायची. ती मला आता पिठात दिसली होती. दुसरी दाबाची. वायूचा दाब म्हणजे रेणूंचं भिंतीवर आदळणं. पण खरा रेणू भिंतीपाशी पोचतो तेव्हा त्याच्या पुढे कुणी नसतं आणि मागे सगळे असतात, ते त्याला मागे खेचतात. म्हणून तो जरा हळू आदळतो आणि दाब कमी भरतो.

हे मला माणसं जायला निघाली तेव्हा दिसलं. आमच्या घरातून कुणी वेळेवर निघालेलं मी पाहिलेलं नाही. गाडी बाहेर वाजत असते आणि सासूबाई दारात: "थांब गो, ह्यो नारळ घे. वेलावरचं तवसं घेतलंस? वाईच चटणी देते." माणूस पाऊल टाकतो आणि अडतो, टाकतो आणि अडतो. पण एक आहे. एकदा का माणसाने उंबरा ओलांडून पाठ फिरवली, की सासूबाईंच्या तोंडाला कुलूप. पाठून हाक मारायची नाही. कामाला निघालेल्या माणसाला पाठून हाक मारली की त्याचं काम होत नाही, हा त्यांचा कायदा, आणि त्यात सवलत नाही. यंदाही थोरल्या दिरांची औषधांची पिशवी पडवीत राहिली. ते जेमतेम बेड्यापर्यंत, म्हणजे अंगणाच्या बांबूच्या फाटकापर्यंत गेले होते. सासूबाई पिशवी हातात घेऊन ओठ मिटून उभ्या राहिल्या, गाडी वळणावर दिसेनाशी झाली, आणि मग मला म्हणाल्या, "कुरिअर कर." मी डोक्याला हात लावला.

घर रिकामं झालं त्या संध्याकाळी मी टेबलावरच्या बरण्या उचलल्या आणि कपाटात ठेवल्या. मिक्सर ओट्यावर नेला. टेबल पुसलं आणि त्यावर माझी पुस्तकं मांडली, उघडी, सगळ्यांना दिसतील अशी. कुणाला न विचारता. सासूबाई पाणी प्यायला आल्या, बरण्यांच्या जागेकडे बघत राहिल्या आणि पाणी न पिताच गेल्या. मला त्यांचा थोडा धाक आहे, खोटं कशाला बोलू. पण मी पुस्तकं हलवली नाहीत.

पितृपक्षात महिला मंडळाच्या अध्यक्षबाई घरी आल्या, पेढे घेऊन. आमचं मंडळ नवरात्रात दरवर्षी 'आदर्श सून' असा सत्कार करतं. साडी, नारळ, आणि काचेत बसवलेलं मानपत्र. यंदा मंडळाने एकमताने माझं नाव काढलं होतं. सासूबाईंच्या चेहऱ्यावर जे काही आलं, ते मी लग्नाच्या दिवशीसुद्धा पाहिलं नव्हतं. नंतर कळलं की या नावासाठी त्या गेली काही वर्षं मंडळात शब्द टाकत होत्या.

मी विचारलं, "कार्यक्रम कधी?"

बाईंनी दिवस सांगितला. मी फ्रिजवर चिकटवलेलं वेळापत्रक बघितलं. बघायची गरज नव्हती, मला ते पाठ होतं.

"त्या दिवशी माझा पेपर आहे," मी म्हटलं. "मी येऊ शकणार नाही."

अध्यक्षबाई हसल्या. त्यांना वाटलं मी लाजते आहे. "अगं, पेपर काय, पुढच्या वेळी दे."

"पुढची वेळ नाही."

"पण सत्काराला सून स्वतः हवी. नाहीतर दुसरं नाव घ्यावं लागेल."

"मग घ्या," मी म्हटलं. जरा तुटकच म्हटलं, मला माहीत आहे. माझा स्वभावच तसा. गोड बोलता बोलता पेपर हातचा गेला असता आणि तो जाऊ द्यायचा नाही हे मी मे महिन्यातच ठरवलं होतं. बाईंनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या पेढ्यांच्या खोक्याकडे बघत होत्या.

त्या दिवसापासून घरात बोलणं बंद. म्हणजे गरजेपुरतं होतं. भात झाला. गवळी आला. गॅस संपला. मला त्रास होत होता. दोघीच माणसं घरात, आणि त्यातलं एक गप्प. मी नवऱ्याला फोनवर सगळं सांगितलं. ते कुठल्याशा बंदराच्या बाहेर जहाज उभं करून बसले होते.

"आईला दुखवू नकोस," ते म्हणाले. "आणि पेपरही सोडू नकोस."

हे असं सांगायला माणूस समुद्रात कशाला जावा लागतो? मी विषय बदलला आणि त्यांना विचारलं, तुमच्या जहाजात गॅस पातळ करून भरतात ना, मग सांगा, आदर्श वायू असता तर?

"तर माझी नोकरी गेली असती," ते हसले. "त्याला किती गार करा, किती दाबा, तो पातळ होणारच नाही. ओढच नाही तर जवळ येऊन बसणार कशाला? आम्ही रिकाम्या टाक्या घेऊन फिरलो असतो."

फोन ठेवल्यावर मी पडवीत आले. सासूबाई वाती वळत होत्या. मला सांगावंसं वाटलं की आई, ओढ नसलेला वायू आणि जागा न लागणारी सून एकाच कारखान्यातले आहेत, दोन्ही फक्त कागदावर असतात. पण बोलणं गरजेपुरतंच होतं आणि हे गरजेत बसत नव्हतं. मी आत जाऊन अभ्यासाला बसले. वाईट वाटत होतं आणि समीकरणं सुटत होती, दोन्ही एकदम चालू होतं.

पेपरच्या सकाळी मी लवकर उठले. भात, आमटी करून ठेवलं. सासूबाई न्हाऊन, ठेवणीतली हिरवी साडी नेसून बसल्या होत्या. मंडळाच्या पदाधिकारी म्हणून त्यांना कार्यक्रमाला जावंच लागणार होतं. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. मी पिशवी घेतली आणि निघाले. उंबरा ओलांडताना एकदा वाटलं, आता म्हणतील काहीतरी, थांब तरी म्हणतील. पण मागून काही आलं नाही. असं विनाअडथळा त्या दारातून मी पहिल्यांदाच बाहेर पडत होते, आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

आमच्या घरापासून एसटीच्या थांब्याला जायचा रस्ता मोठा वळसा घालून जातो. सरळ जायचं तर शेतातून, मेरेवरून, म्हणजे दोन खाचरांमधल्या चिखलाच्या बांधावरून. आश्विनात परतीच्या पावसाने मेर इतकी निसरडी झालेली असते की भात कापणारेसुद्धा जपून चालतात. मी रस्त्यानेच गेले. चालता चालता समीकरण म्हणत होते.

शेवटच्या वळणावर आले तर समोर, थांब्याच्या बाजूने, सासूबाई येत होत्या.

मला आधी ओळखूच येईना. हिरव्या साडीचा काठ गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला, एका पायात चप्पल, दुसरी कुठे रुतली देव जाणे. गुडघेदुखीमुळे ज्या बाईला देवळाच्या पायऱ्या चढवत नाहीत, ती मेरेवरून धावत येऊन, माझ्या पुढे निघून, उलटी फिरून माझ्या समोर आली होती. हातात माझं हॉल तिकीट.

"हे... हे राहिलं."

मी पिशवी चाचपली. तिकीट नव्हतं. आदल्या संध्याकाळी मी ते माझ्या हाताने पिशवीत ठेवलं होतं.

"पिशवीतून पडलं कसं?"

"पडलं नाय. मीच काढलं." त्यांनी दम घेतला. "पहाटे देवासमोर ठेवलं व्हतं. कुंकू लावलं. परत ठेवायचं इसारले. तू बेड्याशी गेलंस तेवा दिसलं."

मी तिकिटाकडे पाहिलं. माझ्या फोटोच्या कपाळावर, बरोब्बर कपाळावर, कुंकवाचं बोट. ज्या दिवसांत त्या माझ्याशी बोलत नव्हत्या त्याच दिवसांत, अगदी पेपरच्या पहाटे, त्यांनी माझ्या पिशवीत हात घालून हे केलं होतं.

"बेड्याशीच होते ना मी?" माझा आवाज चढला. मला रडू येत होतं आणि माझं रडू नेहमी रागासारखं बाहेर पडतं. "मग हाक का नाही मारलीत? या चिखलातून, या गुडघ्यांनी? पडला असतात तर?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी बी.एस्सी. तर सोडाच, पहिलीही पास झाले नसेन.

"पाठून हाक मारू? परीक्षेला निघालेल्या माणसाला?"

एसटी आली. मी थांब्याकडे पळाले आणि चढले. खिडकीतून पाहिलं तर त्या तिथेच उभ्या, एका चपलेवर. हात हलवत नव्हत्या, हाकही नाही. ओठ घट्ट मिटलेले.

परीक्षेच्या खोलीत सगळी माझ्या मुलीच्या वयाची मुलं. पर्यवेक्षकबाईंनी तिकिटावरचं कुंकू पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सही केली. प्रश्नपत्रिका उलटली. दुसराच प्रश्न: वास्तव वायूचा दाब आदर्श वायूपेक्षा कमी का असतो, ते स्पष्ट करा. मी इंग्रजीत लिहायला लागले. भिंतीकडे निघालेल्या रेणूला मागचे रेणू आपल्याकडे ओढतात, म्हणून तो पूर्ण वेगाने आदळत नाही. ही ओढ समीकरणात धरली नाही तर उत्तर चुकतं. लिहिता लिहिता डोळे भरून आले आणि एक शब्द फिसकटला. तो खोडून नीट लिहिला. रडण्यासाठी काही मी तिथे बसले नव्हते. आलेखाचा प्रश्नही आला. ती रेघ मी एका दमात काढली, खाली नेऊन वर.

संध्याकाळी घरी आले. सासूबाई दोरीवर हिरवी साडी वाळत घालत होत्या. चिखलाचे डाग गेले नव्हते.

"बरा गेला?"

"बरा गेला. तुमचा कार्यक्रम?"

"दिलं वरच्या वाडीतल्या सुनेला. शोभते ती."

"तुम्हाला वाईट वाटलं?"

"वाटलं तर. सत्काराची साडी बरी व्हती." त्यांनी चिमटा लावला. "अध्यक्षीण इचारीत व्हती सगळ्यांसमोर. म्हणे, तुमीच ना सांगायच्यात, घरात सून हाय असं वाटतच नाय म्हणून?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, आता वाटतं."

एवढं बोलून त्या आत गेल्या. मी दोरीपाशी उभी राहिले. आतून आवाज आला, "मिक्सर तेवढा टेबलावर आणू काय गो? ओट्यावर मला पुरत नाय." मी ओरडून म्हटलं, "नाही!" मिक्सर अजून ओट्यावरच आहे.

निकाल थंडीत लागला. पास झाले. मार्क सांगण्यासारखे नाहीत, पण पास म्हणजे पास. कॉलेजात जाऊन पदवीच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करायचा होता. त्या सकाळी सासूबाई दारात उभ्या होत्या. चटणी नाही, नारळ नाही, कारण मी संध्याकाळी परत येणारच होते. मी उंबरा ओलांडला, अंगण ओलांडलं, बेड्याला हात लावला आणि वळले.

"काय गो, काय इसारलंस?"

"काही नाही. तुम्ही हाक मारलीत असं वाटलं."

"मी? पाठून?" त्यांनी पदर तोंडाला लावला. "मी नाय हो मारली."

आणि खरंच मारली नव्हती.